राज्याचे गेम खेळा, पण खिसा सांभाळून : बिल्डर, जेम, शिल्ड आणि पॅकचा हिशेब

धुऱ्यावरचा

राईज ऑफ किंगडम्स, लॉर्ड्स मोबाईल, क्लॅश ऑफ क्लॅन्स आणि त्याच घाटणीचे बाकीचे गेम. डाउनलोड फुकट, दुकान आत. महाल वाढवा, शेतं-खाणी काढा, फौज उभी करा आणि शेजाऱ्याने लुटू नये म्हणून जागे राहा. पैसे न घालता, किंवा ठरवून अगदी थोडे घालून, हे गेम कसे चालवायचे याचा हिशेब इथे मांडू. ज्याला ज्या गेमचं पक्कं ठाऊक आहे त्याने आकड्यांसकट लिहावं. 'नशीब लागते भाऊ' छाप उत्तरं नकोत.

सुरुवात बिल्डरपासून, म्हणजे गेममधल्या बांधकाम करणाऱ्या गड्यापासून, करतो, कारण गळती तिथूनच होते. दुकानातला बहुतेक माल म्हणजे वेळच असतो, वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेला. बिल्डर रोज आठ तास रिकामा बसला तर महिन्याला 240 तास, म्हणजे पुरे दहा दिवस वाया. मग तेच दहा दिवस स्पीडअपच्या, म्हणजे काम लवकर उरकणाऱ्या पुड्यांच्या, नावाने विकत घ्यायची पाळी येते. म्हणून आपण किती तास फोनपासून लांब असणार हे आधी पाहायचं आणि तेवढ्या लांबीचं काम लावायचं. सकाळी सहाला वावरात जाऊन बाराला परत येणार असाल तर सहा तासांचं अपग्रेड लावून निघा. दुपारी जेवताना फोन हातात असतो, तेव्हा दहा-वीस मिनिटांची किरकोळ कामं उरकून घ्या. सगळ्यात लांबचं काम झोपताना. ओलिताला रात्रीच्या थ्री फेजची पाळी असली की हे उलटं करा. मोटरसाठी उठणं आहेच, तर लांबचं काम दिवसा टाका आणि रात्रीचे दोन टप्पे करा.

दुसरं, घड्याळ. राईज ऑफ किंगडम्सचा सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो. तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. रोजची कामं आणि मोफत पेट्या त्या वेळेला नव्या होतात. पाचला उठणारा माणूस एकाच बैठकीत कालचं उरलेलं आणि आजचं नवं दोन्ही पदरात पाडून घेतो. शहरातला खेळणारा त्या वेळी घोरत असतो, हा आपला फायदा.

संत्राबर्डी

जेमचा क्रम सांगतो. जेम हे गेममधलं चलन, म्हणजे आपलं बियाणं, आणि बियाणं दळून खायचं नसतं.

क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये दुसरा बिल्डर सुरुवातीच्या शिकवणीतच मिळतो. तिसऱ्याला 500 जेम, चौथ्याला 1000, पाचव्याला 2000. तिन्ही मिळून 3500. हे जेम पैसे न भरताही जमतात: गावातली झाडं-दगडं काढली की थोडे मिळतात, अधूनमधून जेमची पेटी उगवते ती 25 देते, आणि अचिव्हमेंटमधून मोठे हप्ते येतात. वेळ लागतो, पण पाच बिल्डर होईपर्यंत एकही जेम दुसरीकडे जाता कामा नये. सरावादरम्यान गेम स्वतःच तुमच्या बोटाने 'लवकर संपवा' दाबून घेतो. ती सवय तिथेच मोडायची.

इतर राज्याच्या गेममध्ये दुसरा बिल्डर दोन तऱ्हांनी मिळतो, तात्पुरता किंवा कायमचा. समजा तात्पुरता दोन दिवसांना 150 जेम आणि कायमचा 5000 जेमला आहे. 5000 ला 150 ने भागा, 33 खेपा येतात, म्हणजे 66 दिवस. याचा अर्थ दोन महिन्यांपेक्षा जास्त खेळणार असाल तर कायमचाच घ्या. तात्पुरता घ्यायचाच झाला तर दोन-दोन दिवसांची लांब कामं एकदम त्याच्या गळ्यात घाला. काही गेममध्ये बिल्डरचा अवधी संपायच्या मिनिटभर आधी लावलेलं लांब कामही पूर्ण होतं. तुमच्यात चालतं का ते एकदा छोट्या कामावर करून पाहा.

बिल्डर झाला की जेम व्हीआयपी पातळीला. त्यातले फायदे रोज मिळतात आणि कायम राहतात. धान्य, लाकूड, दगड जेमने घ्यायचे नाहीत, कधीच नाही. ते नकाशावर फुकट पडलेलं असतं.

बोरगावचा राजा

पण भाऊ, दुकानातला तो 89 रुपयाचा पॅक, जेम-स्पीडअपचा गठ्ठा, तं सस्ता पडते ना? त्याच्यावर 500 टक्के व्हॅल्यू लिहून असते. तेवढा घ्याले काय हरकत हाय?

वायगावची हळद

टक्के कशाचे ते पाहा ना राजाभाऊ. मूळ भाव त्याच दुकानदाराने ठरवलेला असतो. बाजारात लुगड्यावर आधी 2000 ची चिठ्ठी लावून मग 800 ला 'सूट' देतात, तसलं आहे हे.

पॅक कसा मोजायचा तर असा. त्यातलं अन्नधान्य, लाकूड, दगड, सोनं यांचे आकडे लाखांत असतात, ते आधी खोडून टाका. उरलेल्यात फक्त दोन गोष्टी मोजा: जेम आणि सगळीकडे चालणारे स्पीडअप. बांधकाम, संशोधन, प्रशिक्षण, उपचार असे खास कामाचे स्पीडअप निम्म्याच किमतीचे धरा, कारण ते हव्या त्या जागी चालत नाहीत. आता रुपयांना जेमने भागा. समजा 89 रुपयांत 1000 जेम, म्हणजे जेमला नऊ पैसे. पुढच्या पॅकमध्ये 449 रुपयांत 2500 असतील तर तोच जेम अठरा पैशांना पडला. पहिला पॅक खरंच स्वस्त असतो, ते खोटं नाही. तो दुकानाच्या दारातला गुळाचा खडा आहे. एकदा पैसे भरले की त्या खात्याला मोठे पॅक दिसू लागतात, 89 नंतर 449, मग 899, आणि प्रत्येकाखाली उलट मोजणारं घड्याळ. ते घड्याळ संपलं की काही दिवसांनी तोच पॅक दुसऱ्या नावाने येतो.

मोठ्या पॅकसाठी माझं माप सोयाबीनचं. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. 4000 रुपयांचा पॅक म्हणजे पाऊण क्विंटल. आणि तेही हमीभाव खरोखर हातात पडला तर. पॅकच्या चित्राखाली 'पाऊण क्विंटल' असं मनात लिहून पाहा.

बोरगावचा राजा

पाऊण क्विंटल! बाप्पा. कळलं.

पैनगंगा काठ

अलायन्सवर, म्हणजे खेळाडूंच्या गटावर, कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. फुकट खेळणाऱ्याचं अर्धं राज्य अलायन्सच चालवते.

मदतीचं बटण: एक माणूस दाबतो, कामाचा साधारण एक टक्का वेळ कमी होतो. दहा तासांच्या बांधकामाला वीस जणांनी हात लावला तर जवळपास दोन तास गेले, एकही स्पीडअप न मोडता. म्हणून काम लावलं की आधी मदत मागायची, ती भरेपर्यंत थांबायचं आणि स्पीडअप टाकायचाच असेल तर त्यानंतर टाकायचा. उलट केलं की मदत वाया जाते.

काम लहान असेल तर मदतीला टक्क्याऐवजी किमान ठरावीक वेळ कमी होते. जखमी सैनिकांच्या बाबतीत याचा उपयोग होतो. पाच हजार जखमी एकदम उपचाराला टाकले तर तासन्‌तास आणि वर स्पीडअप. त्याऐवजी दोनशे-तीनशेच्या घासात टाका, मदतीतच पुरा घास संपतो, मग पुढचा. बोटाला कष्ट आहेत, पण उपचाराचे स्पीडअप जवळजवळ लागतच नाहीत. घास किती मोठा घ्यायचा ते आपल्या अलायन्समध्ये त्या वेळी किती जण जागे आहेत त्यावर. रात्री नऊ ते अकरा चांगली वेळ.

राईज ऑफ किंगडम्समध्ये अलायन्समधल्या कोणी पॅक घेतला की बाकीच्यांना भेटीची पेटी मिळते. म्हणजे पैसेवाले खेळतात त्या मोठ्या अलायन्समध्ये सामान्य सदस्य होऊन राहणं, आपल्या गावातल्या दहा मित्रांच्या अलायन्सचा राजा होण्यापेक्षा फायद्याचं. मित्रांना वाईट वाटेल, वाटू द्या. त्यांनाही तिकडेच घेऊन जा. अलायन्सच्या संशोधनाला रोज देणगी द्यायची, त्याचे क्रेडिट मिळतात, त्यावर अलायन्सच्या दुकानातून टेलिपोर्ट (शहर नकाशावर दुसरीकडे हलवायचे) आणि स्पीडअप घेता येतात.

कपाशीचं बोंड

राईज ऑफ किंगडम्ससारख्या गेममधल्या लुटीबद्दल आणि मरणाऱ्या फौजेबद्दल, कारण लोक जास्तीत जास्त पैसे रागाच्या भरात इथेच घालतात. रात्री कोणी शहर जाळलं, सकाळी उठून बदला घ्यायला पॅक घेतला.

आधी साठा. पिशवीत बंद असलेलं धान्य-लाकूड कोणालाच लुटता येत नाही. लुटलं जातं ते उघडलेलं, म्हणजे वरच्या पट्टीत दिसतं ते. त्यातलाही कोठारापुरता भाग सुरक्षित असतो. म्हणून बक्षिसात मिळालेल्या पुड्या लागेपर्यंत फोडायच्या नाहीत. अपग्रेडला आठ लाख लाकूड पाहिजे आणि सहा लाख आहे, तर दोन लाखांच्याच पुड्या फोडा आणि त्याच क्षणी काम लावा. झोपायच्या आधी वरच्या पट्टीतला माल खर्चून मोकळा करा, प्रशिक्षणात घाला, संशोधनात घाला. रिकाम्या घरावर दरोडा घालून कोणाला काय मिळणार?

मग हॉस्पिटल. गंभीर जखमी तिथे जातात, जागा संपली की वरचे मरतात, आणि मेलेले परत येत नाहीत. नव्याने प्रशिक्षण म्हणजे पुन्हा धान्य, पुन्हा वेळ. म्हणून फौज वाढवायच्या आधी हॉस्पिटल वाढवायचं. भिंत आणि टॉवरवर जेम उधळणारे बरेच आहेत, हॉस्पिटल मात्र पाच पातळ्या मागे.

शिल्ड, म्हणजे ठरावीक वेळ शहरावरचा हल्ला अडवणारी ढाल: युद्धाच्या दिवसांत आणि रात्री लांब झोप असेल तेव्हाच. दोन गोष्टी लोक विसरतात. शिल्ड शहरावर असते, बाहेर खाणीवर गेलेल्या तुकडीवर नाही. आणि आपण स्वतः कोणावर हल्ला केला की ती तुटते. बदला म्हणून अर्ध्या झोपेत एक तुकडी पाठवली की शिल्ड गेली, मग उरलेली रात्र उघड्यावर.

धुऱ्यावरचा

बोंडभाऊ, पक्कं. यात नेटवर्कची भर घालतो. टॉवरची बॅटरी बसली की आमच्या पट्ट्यात लाइटीबरोबर रेंजही जाते. वादळी पावसाचे ढग दिसले की शिल्ड आधीच लावून ठेवा, ऐन वेळी लोडिंगच फिरत राहतं. आणि मोठे अपडेट ज्या दिवशी येतात त्या दिवशी तालुक्याला गेलात तर वायफायवर उतरवून घ्या, मोबाइलचा रोजचा डेटा त्यातच संपतो आणि मग टॉपअपचा खर्च गेमच्याच नावावर मोजावा लागतो.

संत्राबर्डी

सेनापतींच्या पेट्यांवर लिहितो, पैसा सगळ्यात जास्त तिथे जिरतो.

पेटीतून कोण निघेल याची शक्यता पेटीवर लिहिलेली असते. ॲपल 2017 च्या अखेरीपासून आणि गुगल 2019 पासून ती दाखवायला लावतात. बारीक अक्षरात किंवा प्रश्नचिन्हामागे असते, पण असते. आता 1 टक्का लिहिलं असेल तर शंभर पेट्यांत एक नक्की, असा सगळ्यांचा समज. तसं नसतं. शंभर पेट्या उघडूनही न मिळण्याची शक्यता 37 टक्के उरते. 5 टक्के असेल आणि वीस पेट्या उघडल्या तरी 36 टक्के लोक रिकाम्या हाताने परततात. आणि आधीच्या शंभरात नाही निघाला म्हणून एकशे एकाव्याची शक्यता वाढत नाही, जोवर गेमने 'इतक्या पेट्यांनंतर हमखास' असं लिहून दिलेलं नाही. ती हमी असेल तर हमीपर्यंतचे सगळे जेम हाताशी असल्याशिवाय पहिली पेटीच उघडू नका. अर्ध्यात अडकलेला माणूसच पॅक घेतो.

राईज ऑफ किंगडम्समधली एक नेमकी चूक. सेनापतीची कौशल्यं वाढवताना जी उघडलेली आहेत त्यातलं कोणतंही एक आपोआप वाढतं, निवड आपल्या हातात नाही. दुसरं कौशल्य दुसऱ्या ताऱ्याला उघडतं, तिसरं तिसऱ्याला. ज्याचं पहिलंच कौशल्य कामाचं आहे त्याला एका ताऱ्यावरच ठेवून पहिलं कौशल्य पाचवर न्या, मगच तारा वाढवा. घाईने चार तारे केले तर कौशल्य वाढवायला लागणारे पुतळे चार कौशल्यांत विखुरतात आणि हवं ते एकवरच राहतं. लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा, सेनापती पूर्ण करायला पुतळे सातशेच्या घरात लागतात, तेव्हा फुकट खेळणाऱ्याने एका वेळी एकच धरावा. एथेलफ्लेड धरायला सोपी, कारण तिचे पुतळे मोहिमेच्या पदकांवर मिळतात, पैशाचा संबंध नाही. त्याखालच्या एपिक दर्जातला सुन त्झूही भरपूर काळ पुरतो.

मोर्शी फाटा

स्पीडअप साठवून ठेवायचे, पण कधीपर्यंत ते सांगतो. 'मायटिएस्ट गव्हर्नर'सारख्या स्पर्धेत टप्पे असतात: फौज तयार करणं, रानटी टोळ्या मारणं, माल गोळा करणं, ताकद वाढवणं. तुम्ही नाहीतरी जे करणारच आहात ते त्या टप्प्याच्या दिवशी केलं की त्याच कामाचे गुण मिळतात. मोठं बांधकाम पंधरा मिनिटांवर आणून सोडायचं आणि 'ताकद' टप्पा सुरू झाला की पूर्ण करायचं. प्रशिक्षणाचे स्पीडअप फक्त प्रशिक्षणाच्या टप्प्याला. वरचे क्रमांक पैसेवाल्यांचे, त्यांच्या मागे लागू नका. गुणांच्या पायऱ्यांवर ठरलेली बक्षिसं असतात ती घ्या आणि थांबा. शेवटच्या तासात क्रमांक घसरतो तेव्हाच पॅक दिसतो, त्या तासाला फोन चार्जिंगला लावून गुरांना पाणी दाखवून या.

माळावरची मास्तरीण

पोरांच्या हातात बापाचा फोन असतो, त्यासाठी पैशांची वाट आधी बंद करायला पाहिजे. सगळ्यांनी हे आजच करा.

प्ले स्टोअर उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबा, सेटिंग्जमध्ये खरेदीच्या पडताळणीचा पर्याय आहे. तिथे 'प्रत्येक खरेदीला' निवडा. '30 मिनिटांनी' ठेवलं तर एकदा पासवर्ड टाकल्यावर अर्धा तास दार उघडंच राहतं आणि तेवढ्यात पोरगं पाच पॅक घेतं. पासवर्ड पोराला माहीत असेल किंवा त्याचं बोट फोनच्या फिंगरप्रिंटमध्ये असेल तर या कुलपाचा काही उपयोग नाही; आधी ते बोट काढा.

तिथेच पेमेंटच्या भागात महिन्याचं बजेट टाकता येतं. पण ते फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही. बऱ्याच जणांचा इथे गैरसमज होतो. खरी अडवणूक हवी असेल तर पीक कर्जाचं, अनुदानाचं खातं प्ले स्टोअरला जोडूच नका. खर्च करायचाच असेल तर ठरल्या रकमेचं गिफ्ट कार्ड भरा, ते संपलं की दुकान बंद. पोराचं वेगळं खातं असेल तर फॅमिली लिंक या गुगलच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये खरेदीला पालकाची परवानगी लागेल असं करून ठेवा.

दर महिन्याचं सबस्क्रिप्शन वेगळं प्रकरण. गेम फोनमधून काढून टाकला तरी ते बंद होत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन बंद करावं लागतं. यूपीआय ऑटोपे लावला असेल तर यूपीआय ॲपमध्येही तो मँडेट, म्हणजे कपातीची परवानगी, दिसतो. 15000 रुपयांपर्यंत दर वेळी पिन मागत नाहीत, मात्र कपातीच्या 24 तास आधी सूचना येते. ती जाहिरात समजून पुसू नका. चुकून खरेदी झालीच तर 48 तासांच्या आत गुगलकडे परताव्याची मागणी करा. त्यानंतर गेम बनवणाऱ्याकडे जावं लागतं.

वायगावची हळद

मास्तरीणबाई, थोडा विरोध. पैशांची वाट पुरतीच बंद करा, हे मला पटत नाही. 'ग्रोथ फंड' नावाचा एकदाच घ्यायचा प्रकार असतो, महाल जसजसा वाढतो तसतसे जेम परत मिळतात. जेमला पैशांत तो बाकी सगळ्यांपेक्षा स्वस्त पडतो.

माळावरची मास्तरीण

पडतो, पण सगळ्या पातळ्या गाठल्या तर. महाल दहावर असताना घेतला आणि पंधराला कंटाळून सोडला तर मोठे हप्ते वरच राहिले. ते शेवटी असतात, मुद्दामच. घ्यायचाच असेल तर नियम वाचा: आधी गाठलेल्या पातळ्यांचे जेम खरेदीनंतर एकदम मिळत असतील तर घाई कशाला? महाल वीस-बावीसवर गेल्यावर घ्या, तोवर खेळत राहणार की नाही तेही कळेल.

वायगावची हळद

मान्य. बावीसला घ्यावा.

बोरगावचा राजा

आमच्याकडं टेलिग्रामवर अर्ध्या भावात जेम देऊन रायले. आयडी-पासवर्ड द्या म्हणते, दहा मिनिटात जेम. हे बरं हाय का?

कपाशीचं बोंड

नाई राजाभाऊ, हात लावू नोका. त्यातला बराच माल चोरीच्या कार्डावर घेतलेला किंवा घेऊन परतावा मागितलेला असतो. कार्डवाल्याने तक्रार केली की गेम ते जेम परत ओढते. तोवर तुम्ही खर्चले असतील तर जेमचा आकडा उणे होते, नाईतर खातं बंद. वरून पासवर्ड त्याच्यापाशी गेला तो गेलाच. ओटीपी मागितला, पैसे गेले, तं लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढे सरकतात.

आणि एक, कोणी 'गेम जिंकून पैसे काढा' म्हणत असेल तर तो राज्याचा गेमच नाही. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. आपल्या गेममधले जेम आत जातात, बाहेर येत नाहीत.

दारव्हा लाइन

दुसऱ्या खात्याबद्दल विचारायचं होतं. एकाच फोनवर शेतीपुरतं वेगळं खातं चालवून माल मुख्य खात्याला पाठवला तर परवडते का?

पैनगंगा काठ

परवडते, पण वेळ मोजा. मालाच्या रवानगीवर कर कापला जातो, व्यापारी चौकीची पातळी वाढवली की तो कमी होतो. म्हणून त्या खात्यात फक्त शेतं, चौकी आणि तेवढ्यापुरता महाल वाढवा, सेनापती-संशोधनाच्या नादी लागू नका. गोळा करणाऱ्या तुकड्या दिवसातून दोनदा पाठवायच्या, सकाळी आणि झोपताना, त्यापेक्षा जास्त नाही. तिसरं खातं उघडावंसं वाटलं तर ते उघडायच्या आधी पहिल्या दोन खात्यांत बिल्डर किती तास रिकामे आहेत ते पाहा.

आणि दोन्ही खाती गेस्टवर ठेवू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन गुगल खात्याशी बांधा. गेस्ट खातं फोनच्या आतच असते. फोन विहिरीत पडला किंवा रिसेट झाला की राज्यही गेलं, आणि गेम कंपनीला खरेदीची पावती दाखवून खातं परत मागायची सोय फुकट खेळणाऱ्याकडे नसते.

दारव्हा लाइन

बांधलं. मुख्य खातं गेस्टवरच होतं.